'स्ट्राइक' म्हणजे काय आणि संप म्हणजे काय?



गिरणीत काम करणारा असा एक माणूस दाखवा, ज्याला 'स्ट्राइक' हा इंग्रजी शब्द ठाऊक नाही. ए बी सी डी येत नसली तरी स्ट्राइक येतं. साळखात्यातला म्हातारा असो की कालच लागलेला बदली पोर असो, शब्द तोंडात तयार. म्हणून आपण धरून चालतो, की हा शब्द आपल्याला कळला. हे धरून चालणं किती महागात पडतं ते आधी सांगतो. शब्दाची कुळकथा मागून.

काही वर्षांमागची गोष्ट. एका गिरणीत संप चालू होता. गिरणीचं नाव सांगत नाही. कुठलंही घाला, गोष्ट बदलणार नाही. अकराव्या दिवशी दुपारी दारावर एक कागद चिकटला. कागद इंग्रजीत. दाराशी आम्ही पंधरा-वीस जण. पुढारी मंडळी त्या दिवशी कोर्टात. आमच्यात आठवी झालेला एक तरुण होता, अक्षराला अक्षर लावून वाचणारा तेवढाच. त्याने कागदावर बोट फिरवलं आणि दोन शब्द मोठ्याने वाचले: 'स्ट्राइक ऑफ'.

बस्स! 'ऑफ' म्हणजे बंद, हे दिव्याच्या बटणावरून सगळ्यांना माहीत. स्ट्राइक ऑफ म्हणजे संप बंद. म्हणजे मालक नमला! कुणी टाळी दिली, कुणी पेढे आणले. तिघे जण त्याच संध्याकाळच्या गाडीने कोकणात गेले. कामावर बोलावणं यायला दोन-चार दिवस जातीलच, तेवढ्यात लावणी उरकून येऊ, असा त्यांचा हिशेब.

कागदात काय होतं? जे कामगार उद्या सकाळच्या पाळीला हजर होणार नाहीत, त्यांची नावं मस्टरवरून 'स्ट्राइक ऑफ' होतील, म्हणजे काटली जातील, असं होतं. रात्री पुढारी आले, कागद वाचला, सभा झाली. ठरलं की सकाळी सगळ्यांनी एकत्र आत जायचं, नावं वाचवायची आणि भांडण कायद्याने पुढे चालवायचं. तसे गेलोही. पण ते तिघे कुठे होते? निरोप गेला, तरी गुडघाभर चिखलातला माणूस एका रात्रीत गिरणीच्या दाराशी कसा पोचणार? दोघांना युनियनने पुढे भांडून परत घेतलं. तिसरा आलाच नाही. तो आज दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतो.

त्या दिवशी पेढे आणले ते मीच. म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे, असं मी समजतो.

शिडावरून आलेला शब्द

त्यानंतर मी या शब्दाच्या मागेच लागलो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण युनियनच्या शिबिरात विचारलं, वाचनालयात बसलो, शिकलेल्यांना गाठलं. जे कळलं ते असं.

'स्ट्राइक' म्हणजे मारणे, ठोकणे, असं शाळेतली पोरं घोकतात. मालकाच्या वर्तमानपत्रालाही तेच पटतं. संप म्हणजे मारामारी, असा अर्थ त्यातून आपसूक निघतो ना! पण कामगाराचा स्ट्राइक मारण्यातून आलेलाच नाही. तो आला आहे जहाजाच्या शिडावरून.

साल १७६८. इंग्लंडात भाकरी महाग झालेली, मजुरी होती तिथेच. लंडनच्या टेम्स नदीवर शेकडो जहाजं उभी. तिथल्या खलाशांनी मजुरी वाढवून मागितली. मिळेना, तेव्हा त्यांनी काय केलं? मालकाला मारलं? नाही. जहाजावर चढून शिडं आणि शिडाच्या आडव्या काठ्या खाली उतरवल्या. शिडाशिवाय जहाज म्हणजे पाण्यावर ठेवलेलं घमेलं! माल भरलेला, वारा चांगला, पण जहाज हलेल तर शपथ. उत्तरेकडच्या संडरलंड बंदरातही त्याच वर्षी खलाशांनी आधी चौकात आपली गाऱ्हाणी वाचून दाखवली आणि मग जहाजांवर जाऊन तेच केलं. शीड उतरवणे याला खलाशांच्या बोलीत म्हणत 'स्ट्राइक' करणे. तिथून काम बंद करण्यालाच स्ट्राइक म्हणू लागले. खलाशांचा शब्द कोळसेवाल्यांनी घेतला, मग विणकरांनी घेतला, मग साऱ्या जगाने.

यात एक गंमत आहे, तीही ध्यानात ठेवा. लढाईत जहाजाने झेंडा किंवा शीड उतरवलं, तर त्यालाही हाच शब्द, आणि अर्थ काय? शरण आलो! म्हणजे दुसऱ्याच्या तोफेला भिऊन उतरवलं तर शरणागती, आणि आपल्या मनाने, सगळ्यांनी मिळून उतरवलं तर लढा. हात तेच, दोरी तीच. फरक कशात? कुणाच्या सांगण्यावरून दोरी सोडली, त्यात.

हा शब्द फुकट मिळालेला नाही. त्याच वर्षीच्या गडबडीत कोळसा उतरवणाऱ्या सात हमालांना लंडनमध्ये फाशी दिलं गेलं. ज्यांना धड सही करता येत नव्हती अशा माणसांनी इंग्रजी भाषेला हा शब्द दिला. आज मोठमोठे वकील तो कोर्टात उच्चारतात, तेव्हा खलाशाचीच भाषा बोलत असतात.

एकच शब्द, दोन बाजू

मग नाव काटण्यालाही तोच शब्द कसा? हेही विचारून घेतलं. 'स्ट्राइक' याचा फार जुना अर्थ मारणे नव्हे, तर हलकेच हात फिरवणे, एका दिशेने ओढत नेणे. काडी ओढली तरी स्ट्राइक, घड्याळाने ठोका दिला तरी स्ट्राइक. कागदावर लेखणी ओढून नाव खोडलं तर 'स्ट्राइक ऑफ'. आम्ही करतो तो स्ट्राइक, आणि आमच्यावर होतो तोही स्ट्राइक! पाठीला 'ऑफ'चं एक शेपूट लागलं की शब्द आमच्या हातातून निघून कारकुनाच्या टाकात जातो.

आणि ही नुसती लेखणीची रेघ समजू नका. मस्टरवरून नाव काटणं म्हणजे कामावरून कमी करणंच होय, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली रेल्वेतल्या एका कामगाराच्या खटल्यात सांगितलं आहे. 'आम्ही काढलं नाही, नाव आपोआप गेलं' ही सबब तिथे टिकली नाही. पण ही गोष्ट माहीत असलेले कामगार किती? निकाल इंग्रजीत, कागद इंग्रजीत, आणि ज्याची भाकरी गेली तो मराठीत!

आमचा शब्द काय सांगतो?

आता आपल्या शब्दाकडे या. आपण म्हणतो 'संप'. संप म्हणजे काम बंद, एवढंच आपल्याला ठाऊक. गुजरातीत आजही संप म्हणजे एकी, सलोखा. 'संप त्यां जंप' अशी त्यांच्यात म्हण आहे. एकी तिथे शांती, असा तिचा अर्थ. मराठीतही संप करणे म्हणजे मुळात जूट बांधणे, एकविचार करणे. आधी एकी, मग काम बंद. खलाशाचा शब्द हातांनी काय केलं ते सांगतो. आपला शब्द ते करण्याआधी मनाने काय केलं ते सांगतो. ज्या दिवशी एकी नसते त्या दिवशी तो संप नव्हे, नुसता खाडा!

हिंदीत म्हणतात 'हडताल'. हट्ट म्हणजे बाजार, त्याला ताला. दुकानदाराने स्वतःच्या दुकानाला लावलेलं कुलूप. आपण त्याला हरताळ म्हणतो. आता बघा, मराठीत 'हरताळ फासणे' असंही म्हणतात. ती हरताळ म्हणजे पिवळा रंग. जुने लेखक पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हा पिवळा रंग फासून अक्षर बुजवत. म्हणून वचनाला हरताळ फासला, कराराला हरताळ फासला, असं आपण म्हणतो. इंग्रजांच्या शब्दात जशी दोन घरं, तशी आपल्याही शब्दात: एक हरताळ पाळायचा, दुसरा फासायचा. पाळणारे आपण, फासणारे कोण, ते सांगायला नको! पण मराठीतल्या या दोन हरताळांची गफलत तुमची-माझी कधी होते का? होत नाही. का होत नाही? कारण ती आईच्या भाषेत आहे. हाच माझा मुद्दा आहे.

फ्रान्सातली गोष्ट याहून आपल्या जवळची. पॅरिस शहरात सीन नदीच्या काठी 'ग्रेव' नावाचा चौक होता. ग्रेव म्हणजे नदीकाठची वाळू. तिथे बेकार मजूर सकाळी काम मिळेल म्हणून उभे राहत. आपल्याकडच्या मजुरांच्या नाक्यासारखंच. त्या चौकावरून फ्रेंच भाषेत संपाला 'ग्रेव' म्हणतात. म्हणजे कुठे शीड, कुठे कुलूप, कुठे नाका, आणि आपल्याकडे एकी. ज्या-त्या देशाच्या कामगाराने आपला शब्द आपल्या बोलीतून घडवला. कुठल्याही मालकाने तो बसवून दिलेला नाही.

कायद्यालाही एकीच दिसते

इंग्लंडात १७९९ आणि १८०० साली कायदे झाले. मजुरीसाठी कामगारांनी एकत्र येणं हाच गुन्हा ठरला. त्या कायद्यांच्या नावात स्ट्राइक नाही, 'कॉम्बिनेशन' आहे. म्हणजे एकी. म्हणजे आपला संप! राज्यकर्त्याला शिडाची भीती नव्हती, एकीची होती. १८२४ साली ते कायदे रद्द करावे लागले.

आपल्याकडेही तेच. १९२९ चा कायदा घ्या, १९४७ चा घ्या, २०२० ची औद्योगिक संबंध संहिता घ्या. स्ट्राइकची व्याख्या करताना हाच शब्द: माणसांनी 'एकत्र होऊन' काम थांबवणे. मारणे, तोडणे, ठोकणे याचा व्याख्येत मागमूस नाही. संप म्हटलं की दंगल समजणाऱ्याला हे दाखवा. पण २०२० च्या संहितेने व्याख्येत एक भर घातली आहे, ती प्रत्येकाने पाठ करावी. एकाच दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तोही स्ट्राइकच. आणि नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप केला तर तो बेकायदा. आता सांगा, 'आम्ही तर नुसती रजा टाकली' असं म्हणणाऱ्या भोळ्या कामगाराला हे कुणी मराठीत समजावून सांगितलं आहे का? शब्द तोच राहिला, पोटातला अर्थ वाढला. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून आपण बेसावध. माझे तीन सोबती असेच बेसावध होते.

भाषेसाठी केलेला संप

काही शहाणे म्हणतील, युनियनवाल्याला भाषेशी काय करायचं? त्याने पगार-बोनस बघावा. त्यांना आपला इतिहास दाखवू या.

१८७७ साली नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून संप झाला. आपल्या देशातल्या गिरण्यांतला हा पहिला नोंदलेला संप मानतात. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्यांचं हत्यार कोणतं? 'दीनबंधु' हे मराठी पत्र. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. वर्षाला एक दिवस! टिळकांचं लिहिणं कामगाराच्या भाषेत होतं, म्हणून ते कामगाराच्या काळजाला लागलं. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्या संपाच्या जखमा आपल्या कितीतरी घरांत अजून आहेत.

आणि २१ नोव्हेंबर १९५५! त्या दिवशी मुंबईचा कामगार बाहेर पडला तो पगारासाठी नव्हे, बोनससाठी नव्हे. आपल्या भाषेचं राज्य मुंबईसह मिळावं म्हणून त्याने संप केला आणि फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झेलल्या. त्या लढ्यात शंभरावर माणसं हुतात्मा झाली, त्यांत कामगारांचा वाटा मोठा. १ मे १९६० ला राज्य झालं. तारीखसुद्धा कामगारदिनाची!

त्या माणसांना काय हवं होतं? नकाशावरची रेघ? नव्हे. आपल्याला ज्या कागदाने कामावरून काढतात तो कागद आपल्याला वाचता यावा, ज्या कायद्याने शिक्षा होते तो कायदा आपल्याला कळावा, हे हवं होतं. भाषावार राज्य म्हणजे दुसरं काय? बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी कामगार आजही हेच मागतो आहे. त्याला मराठीत कागद मिळावा, असं आपण म्हणतो तेव्हा कानडी कामगाराचा कागद हिसकावून घ्या, असं म्हणत नाही. कानड्याला कानडीत, गुजरात्याला गुजरातीत, आपल्याला मराठीत. 'संप' हा शब्द तर आपण आणि गुजराती भाऊ दोघे मिळून वापरतो. भांडण कामगाराचं कामगाराशी नाही. भांडण न कळणाऱ्या कागदाशी आहे.

आता आपल्याच घरात बघू

दोष एकट्या मालकाला देऊन मी मोकळा होणार नाही. १९४६ च्या कायद्याने गिरणीचे स्थायी हुकूम दाराशी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावण्याची सक्ती केली होती. किती दारांवर आपण तो मराठी कागद मागितला? किती युनियनांचे तक्रारअर्ज मराठीत जातात? वकीलसाहेब इंग्रजीत लिहितात, आपण खाली अंगठा उठवतो आणि कोपऱ्यात जाऊन विचारतो, 'काय लिवलंय हो?'

आणि राज्य झाल्यावर सरकारदरबारी जी मराठी आली तिचं तरी काय? 'पटावरून नामनिष्कासन करण्यात येत आहे' असं लिहिलं, तर ती मराठी माझ्या कोणत्या सोबत्याला कळणार? 'तुमचं नाव हजेरीतून काटलं आहे' असं लिहायला शाई जास्त लागते काय? इंग्रजीचं जोखड काढून संस्कृतचं घालायचं असेल, तर मान तीच, घट्टा तोच!

कुणी म्हणेल, एवढं आहे तर कामगाराने इंग्रजी शिकावं. जरूर शिकावं! माझी मुलगी शिकते आहे, मी तिच्याकडून शिकतो. परक्या भाषेचा मला राग नाही. खलाशांनी दिलेला शब्द तर मी आपला मानतो. पण भाषा शिकायला वर्षं लागतात, आणि नाव काटायला एक रात्र पुरते. मधल्या वर्षांत माझ्या पोराबाळांनी काय खायचं?

म्हणून माझं मागणं साधं आहे. दारावर लागणारा प्रत्येक कागद आधी मराठीत, तोही बोलीच्या मराठीत. कामगाराची सही घ्यायची तो कागद मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. युनियनची प्रत्येक नोटीस, प्रत्येक करार, प्रत्येक निकाल मराठीत छापून पाळीच्या वेळी हातात. हे मागायला कुणाची परवानगी लागत नाही. उद्यापासून मागता येतं.

तोवर एक नेम करा. दारावर इंग्रजी कागद दिसला, तर त्यातला ओळखीचा शब्द वाचून हुरळू नका आणि घाबरूही नका. ज्याला पूर्ण वाचता येतं त्याला बोलवा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या, तारीख विचारा, आणि मगच जागचे हला. पेढे दुसऱ्या दिवशी आणले तरी चालतात.